दुःस्वप्नापासून द्रष्ट्यापर्यंत

ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात आदित्यांची स्तुती करणारे एक सूक्त आहे, आणि त्याच्या शेवटच्या पाच ऋचांत ऋषी उषेकडे एक विलक्षण मागणे मागतो. आमच्या किंवा आमच्या गाईंच्या वाट्याला जे दुःस्वप्न आले असेल ते उचलून दूर राहणाऱ्या त्रित आप्त्याच्या पदरी घालावे, आणि ऋण जसे सोळावा हिस्सा, आठवा हिस्सा असे करीत फेडून टाकतात तसे ते सारे आमच्याकडून एकदाचे निस्तरले जावे, असा त्या मागण्याचा आशय आहे. स्वप्न हे येथे मनाचे कार्य नाही. ते पापासारखे किंवा रोगासारखे बाहेरून येऊन चिकटणारे, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या अंगावर लोटून देता येण्यासारखे एक द्रव्य आहे. दुसऱ्या मंडलात वरुणाची करुणा भाकणारा भक्त, स्वप्नात एखाद्या सोबत्याने किंवा मित्राने आपणांस भय घातले तर त्यापासून रक्षण कर, असे त्या राजाला विनवितो. आणि अथर्ववेद तर स्वप्नाची वंशावळच सांगतो, ज्यात वरुणानी ही त्याची माता व यम हा त्याचा पिता असून ते स्वतः जिवंतही नाही आणि मृतही नाही. मात्र याच अथर्ववेदात, स्वप्नात खाल्लेले अन्न सकाळी कोठेच आढळत नाही, अशी एक साधी नोंदही येऊन जाते. भीतीच्या त्या दाट अरण्यात निरीक्षणाची ही एक पाऊलवाट होती, आणि पुढील हजार-दीड हजार वर्षांत भारतीय विचार याच वाटेने चालत चालत स्वप्नाच्या भयाकडून स्वप्न पाहणाऱ्याच्या शोधापर्यंत कसा येऊन पोहोचला, त्याचा वृत्तान्त येथे सांगावयाचा आहे.

भयाला प्रथम शिस्त लावली ती याज्ञिकांनी. ऐतरेय आरण्यकात मरण जवळ आल्याची लक्षणे सांगताना स्वप्नांची एक यादी दिली आहे. काळ्या दातांचा काळा पुरुष स्वप्नात येऊन आपला वध करतो, रानडुक्कर ठार मारते, माकड अंगावर उडी घेते, वारा उचलून नेतो, सोने गिळून ते ओकले जाते, मध खाल्ला जातो, कमळाचे देठ चावले जातात, गाढवे किंवा डुकरे जुंपलेल्या वाहनातून प्रवास घडतो, अथवा गळ्यात नलदाची माळ घालून काळ्या वासराच्या काळ्या गाईला दक्षिणेकडे हाकीत न्यावे लागते. यांपैकी काही दिसल्यास उपवास करावा, दुधात चरू शिजवून रात्रिसूक्ताच्या ऋचांनी आहुती द्याव्या आणि ब्राह्मणांना भोजन घालावे, अशी तजवीजही तेथेच सांगितली आहे. ज्या आपत्तीला नाव नसते तिचे भय अमर्याद असते; तिचे नाव, तिचे लक्षण आणि तिचा परिहार एकदा नेमून दिला म्हणजे माणसाला पुन्हा उभे राहण्यापुरती भूमी मिळते. याज्ञिकांनी ही भूमी तयार केली, आणि त्यांचे हे ऋण पुढील विचारवंतांपैकी कोणीही सर्वस्वी नाकारलेले नाही.

परंतु ज्या आरण्यक-उपनिषदांच्या काळात या याद्या स्थिर होत होत्या, त्याच काळात विदेह देशी जनकाच्या दरबारात स्वप्नाविषयी एक अगदी निराळा प्रश्न विचारला जात होता. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातील ती कथा प्रसिद्ध आहे. याज्ञवल्क्य राजाकडे आला तेव्हा आपण काही बोलावयाचे नाही असे त्याच्या मनात होते. पण पूर्वी अग्निहोत्राची चर्चा चालली असता, हवा तो प्रश्न विचारण्याचा वर त्याने राजाला देऊन ठेवला होता, आणि राजाने आता त्या वराची आठवण धरून प्रश्नास आरंभ केला. हा पुरुष कोणत्या प्रकाशाने व्यवहार करतो, असे त्याने विचारले. सूर्याच्या, असे उत्तर आले. सूर्य मावळल्यावर चंद्राच्या, चंद्रही मावळल्यावर अग्नीच्या, अग्नी शांत झाल्यावर वाणीच्या. आणि वाणीही निमाल्यावर कोणत्या, असे राजाने शेवटी विचारताच याज्ञवल्क्याने सांगितले की तेव्हा आत्माच त्याचा प्रकाश असतो. या उत्तराचा पुरावा म्हणून त्याने जी अवस्था पुढे केली ती स्वप्नाची होती.

इहलोक आणि परलोक यांच्या सांध्यावर स्वप्न हे तिसरे स्थान आहे, असे याज्ञवल्क्य सांगतो. तेथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. तरी पुरुष रथ, घोडे आणि रस्ते निर्माण करतो. तेथे तळी, पुष्करिणी आणि नद्या नसतात. त्याही तो निर्माण करतो, कारण तोच कर्ता आहे. या जगातील सामग्री बरोबर घेऊन तो स्वतःच मोडतो, स्वतःच घडवितो आणि स्वतःच्या तेजाने ते सारे पाहतो. मोठा मासा नदीच्या या काठावरून त्या काठाकडे जसा फिरत राहतो तसा हा पुरुष जागृती आणि स्वप्न या दोन तीरांमध्ये फिरतो, आणि दमलेला ससाणा पंख मिटून घरट्याकडे वळावा तसा अखेर गाढ निद्रेकडे वळतो. या भागात लोकसमजुतीचाही एक कण जपलेला आहे: झोपलेल्याला एकाएकी उठवू नये, कारण आत्मा ज्या इंद्रियाकडे परतला नाही त्याचा उपचार करणे अवघड होऊन बसते. प्रत्येक उत्तरानंतर जनक सहस्र गाई देतो आणि मोक्षासाठी आणखी सांगा म्हणून आग्रह धरतो. या संवादाचे खरे मर्म त्यानंतर येते. आपणांस कोणी मारीत आहे, जिंकीत आहे, हत्ती पाठलाग करीत आहे, आपण खड्ड्यात पडत आहोत, असे जेव्हा स्वप्नात दिसते, तेव्हा जागेपणी पाहिलेले भयच मनुष्य अविद्येमुळे तेथे खरे मानीत असतो, असा निर्वाळा याज्ञवल्क्य देतो. ज्या दुःस्वप्नाला वैदिक ऋषी त्रिताकडे रवाना करीत होता ते पाठविण्याची आता गरजच उरली नाही, कारण ते बाहेरून आलेलेच नव्हते.

हा शोध एकट्या विदेहात चालला होता असे नव्हे. काशीचा राजा अजातशत्रू गार्ग्य बालाकीचा हात धरून त्याला एका निजलेल्या माणसाजवळ नेतो, नावे घेऊन हाका मारतो, आणि हाकांनी न उठणारा तो माणूस हाताने दाबताच जागा झालेला दाखवून, हा इतका वेळ होता कोठे, असा प्रश्न टाकतो. प्रत्यक्ष प्रयोगातून तत्त्वाकडे जाण्याची ही रीत किती प्राचीन आहे हे पाहून मन आदराने भरून येते. छांदोग्य उपनिषदात प्रजापतीने इंद्राला स्वप्नात सुखाने वावरणारा तोच आत्मा म्हणून सांगितले, तेव्हा इंद्र संतुष्ट होऊन निघालाही होता. पण वाटेत त्याच्या ध्यानात आले की स्वप्नातील पुरुष शरीराच्या आंधळेपणाने आंधळा होत नसला तरी त्यालाही कोणी मारल्यासारखे, पिटाळल्यासारखे वाटते आणि तो रडतोही, आणि हातात समिधा घेऊन तो पुन्हा गुरूकडे परतला. एकूण १०१ वर्षे ब्रह्मचर्याने राहिल्यावर त्याला अखेरचे ज्ञान झाले, असे ती कथा सांगते. स्वप्नाला सत्याच्या मार्गावरील एक मुक्काम मानावे, पण तेथे वस्ती करू नये, हा त्या कथेतील विवेक आहे.

तत्त्वज्ञांच्या या बैठका चालू असताना राजवाड्यांत आणि बाजारांत स्वप्नफल सांगणाऱ्यांचा धंदा तेजीत होता. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात, श्रमणांनी ज्यांवर उदरनिर्वाह करू नये अशा हीन विद्यांमध्ये स्वप्नांचे अर्थ सांगण्याची गणना केलेली आहे. हा निषेध किती व्यवहारी होता हे महासुपिन जातकातील कोसलराज प्रसेनजिताच्या कथेवरून कळते. श्रावस्तीत एका रात्रीच्या शेवटच्या प्रहरी राजाला १६ स्वप्ने पडली आणि तो भयाने गारठून गेला. पुरोहितांनी राज्य, जीवित किंवा संपत्ती यांपैकी एकावर घाला येणार असे सांगून यज्ञाचा घाट घातला आणि बळीसाठी चार-चार प्राणी गोळा होऊ लागले. त्यांच्यातील एका तरुण शिष्याने गुरूला विचारले की प्राण्यांच्या हत्येने कल्याण होते असे आपल्या वेदांत कोठे आहे. त्यावर गुरूने, यातून आपणांस पुष्कळ द्रव्य मिळेल, तू राजाचे धन वाचवावयास का निघालास, असे उत्तर दिले. ही धांदल पाहून राणी मल्लिकेने नवऱ्याला प्रश्न केला आणि जेतवनात जाऊन भगवान बुद्धांना विचारण्याचा सल्ला दिला.

बुद्धांनी एकेक स्वप्न ऐकून घेतले आणि प्रथम राजाची खातरजमा केली की यांतील एकाचाही तुझ्या जीविताशी संबंध नाही. राजे अधर्माने वागू लागतील त्या पुढील काळाची ही चिन्हे आहेत. चार दिशांनी चार काळे बैल राजांगणात झुंजावयास आले आणि डुरकून परत फिरले, याचा अर्थ मेघ जमतील, गडगडतील आणि न बरसताच निघून जातील. ओझे वाहणारे धष्टपुष्ट बैल सोडून कोवळी खोंडे गाड्यांना जुंपली गेली, याचा अर्थ जाणत्या वृद्धांना बाजूस सारून अननुभवी पोरांच्या हाती कारभार जाईल. एक घोडा दोन्ही तोंडांनी दोन्हीकडचा चारा खात होता, याचा अर्थ न्यायासनावर बसलेले लोक वादी आणि प्रतिवादी या दोघांकडूनही लाच घेतील. रिकाम्या घागरी सोडून लोक भरल्या रांजणातच पाणी ओतीत होते, याचा अर्थ रयत स्वतःची कोठारे ओस पाडून राजाचे कोठार भरीत राहील. पुरोहितांनी ज्या स्वप्नांना राजाच्या वैयक्तिक संकटाचे रूप देऊन यज्ञाची सामग्री मागितली होती, त्याच स्वप्नांना बुद्धांनी राज्यकर्त्यांच्या नीतीची कसोटी बनविले. राजाने बांधलेले प्राणी सोडून देण्याचा हुकूम दिला आणि यज्ञ थांबला. आपल्या इतिहासात स्वप्नाच्या अर्थाने जीव वाचविल्याचा याहून सुंदर दाखला मला तरी आठवत नाही.

बौद्ध परंपरेने शुभस्वप्नाला मात्र मोठ्या ममतेने वागविले. बुद्धांची माता मायादेवी हिच्या स्वप्नातील पांढरा हत्ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर कोरला गेला. १८७३ साली पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमच्या दृष्टीस पडलेला तो कठडा आज कलकत्त्याच्या संग्रहालयात आहे. त्यानंतर काही शतकांनी, वाकाटकांच्या अमदानीत, आपल्या अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या भिंतीवर चित्रकाराने त्याच स्वप्नाची कथा रंगविली. जैनांच्या कल्पसूत्रात महावीरांची माता त्रिशला हिला पडलेली १४ स्वप्ने तपशीलवार वर्णिली आहेत: हत्ती, वृषभ, सिंह, अभिषेक होत असलेली श्री, पुष्पमाला, चंद्र, सूर्य, ध्वज, कलश, कमलसरोवर, क्षीरसागर, विमान, रत्नराशी आणि निर्धूम अग्नी. ती पाहून जागी झालेली त्रिशला, एखादे अशुभ स्वप्न पडून या शुभ स्वप्नांचे फळ नाहीसे होऊ नये म्हणून, उरलेली रात्र जागून काढते. दुसऱ्या दिवशी सिद्धार्थ राजाच्या सभेत स्वप्नपाठकांना मानाने बसविले जाते, राणी पडद्याआड बसते, आणि ते पाठक आपसांत मसलत करून एकमुखाने निवेदन करतात की शास्त्रात ७२ स्वप्ने सांगितली असून त्यांपैकी ३० महास्वप्ने आहेत, आणि तीर्थंकराची किंवा चक्रवर्तीची माता त्यांतील १४ पाहते. दिगंबर परंपरा हा आकडा १६ मानते. स्वप्नविद्या एव्हाना सुव्यवस्थित दप्तराच्या रूपास आली होती, हे या गणतीवरून दिसते.

या विद्येची चिन्हे सर्वांच्या परिचयाची होती म्हणूनच महाकवींना त्यांचा उपयोग करता आला. रामायणात केकय देशी आजोळी असलेल्या भरताला, अयोध्येचे दूत नगरात शिरले त्याच रात्री, मलिन अंगाचे व मोकळ्या केसांचे वडील डोंगराच्या शिखरावरून शेणाच्या डोहात पडताना, ओंजळीने तेल पिताना आणि गाढवांच्या रथातून दक्षिणेकडे जाताना दिसतात. मित्र त्याला रिझवू पाहतात, पण त्याचे मन कशात रमत नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात कर्ण श्रीकृष्णाचा निरोप घेण्यापूर्वी स्वतःचे स्वप्न सांगतो. हजार खांबांच्या प्रासादावर भावांसह चढणारा युधिष्ठिर, हाडांच्या राशीवर बसून सुवर्णपात्रातून त्याने खाल्लेली तूप-खीर, आणि उंटांच्या वाहनातून भीष्म-द्रोणांसह दक्षिणेस निघालेले आपण स्वतः, हे सर्व त्याने पाहिले आहे. कौरवांच्या बाजूला शुभ्र फेटे फक्त अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा या तिघांच्याच डोक्यावर होते, बाकी सारे लाल फेट्यांचे होते, हेही तो सांगतो. आपल्या पक्षाचा नाश निश्चित जाणूनही वचनासाठी युद्धाला उभा राहणारा कर्ण या स्वप्नाने अधिकच थोर होतो. भवितव्य कळूनही कर्तव्य बदलत नाही, असा स्वप्नार्थ महाभारतकाराने येथे रचला आहे.

याच गाढवा-उंटांना आणि याच दक्षिण दिशेला पुढे वैद्याच्या ग्रंथात स्थान मिळाले. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानातील पाचव्या अध्यायात, कुत्री, उंट किंवा गाढवे यांवरून दक्षिणेस जाण्याचे स्वप्न राजयक्ष्म्याचे, आणि हृदयावर काटेरी वेल उगवल्याचे स्वप्न गुल्माचे पूर्वरूप म्हणून सांगितले आहे. परंतु केवळ यादी देऊन वैद्य थांबत नाही. तो कारण विचारतो. मन वाहून नेणारी स्रोतसे अतिबलवान दोषांनी भरली म्हणजे भयंकर स्वप्ने पडतात आणि फार गाढ झोपेत नसलेला मनुष्य मनाच्या योगाने ती पाहतो, असे सांगून तो स्वप्नांचे सात प्रकार करतो: पाहिलेल्याचे, ऐकलेल्याचे, अनुभवलेल्याचे, इच्छिलेल्याचे, कल्पिलेल्याचे, भावी सुचविणारे आणि दोषांमुळे पडणारे. यांतील पहिले पाच निष्फळ म्हणून तो बाजूस काढतो. दिवसा पडलेली, फार लांबलेली किंवा फार आखूड स्वप्नेही सोडून देतो. आणि अशुभ स्वप्नानंतर त्याच रात्री शुभ स्वप्न पडले तर फळ शुभच मिळते, असा दिलासा देतो. कल्पसूत्रातील त्रिशलेच्या जागरणामागे याच नियमाची दुसरी बाजू होती. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या वैद्याने त्याच्या भीतीतील बहुतेक भाग असा शास्त्राच्या आधारे उतरवून टाकावा, यात केवढी करुणा आहे!

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंदाला नागसेन स्थविराने दिलेले उत्तर याच जातीचे आहे. वात, पित्त, कफ, देवतेची प्रेरणा, स्वतःचा अभ्यास आणि पूर्वनिमित्त अशी स्वप्नाची सहा कारणे सांगून नागसेन फक्त शेवटचे खरे मानतो. आणि आरशात प्रतिबिंब आपोआप पडावे तसे ते निमित्त मनात उमटते, मन ते शोधीत जात नाही आणि त्याचा अर्थही जाणत नाही, असे स्पष्ट करतो. वैशेषिकांच्या प्रशस्तपादाने संस्काराची तीव्रता, धातूंचा दोष आणि अदृष्ट ही तीन कारणे धरली: वातप्रकृतीचा मनुष्य आकाशात उडतो, पित्तप्रकृतीचा अग्नीत शिरतो, कफप्रकृतीचा नद्या आणि समुद्र पाहतो. पतंजलीने योगसूत्रांत याहीपुढे जाऊन स्वप्नातील ज्ञानाचा आलंबन म्हणून उपयोग करून चित्त स्थिर करता येते असे सांगितले, आणि एके काळी ज्याच्यापासून पळ काढावयाचा ते स्वप्न साधकाचे साधन ठरले.

मग स्वप्नाने जागृतीवरच दावा मांडला. बाह्य वस्तू नसतानाही स्वप्नात देश आणि काळ यांचा नियम दिसतो, तर जागेपणीच्या अनुभवाला तरी बाह्य वस्तू कशाला हवी, असे वसुबंधूने विंशतिकेत विचारले. गौडपादाने मांडूक्यावरील कारिकांत स्वप्न आणि जागृती यांतील पदार्थांना मिथ्यात्वाच्या एकाच न्यायाने मोजले. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात या वादाला जो निवाडा दिला तो दोन ठिकाणी आला आहे. एके ठिकाणी ते विज्ञानवाद्यांना बजावतात की स्वप्न जागे होताच बाधित होते, जागृतीतील खांब तसा बाधित होत नाही, आणि स्वप्न ही स्मृती असून जागृती हा प्रत्यक्ष अनुभव आहे. दुसऱ्या ठिकाणी ते दाखवितात की देहाच्या आत रथाला जागा नाही, कुरुदेशात निजलेला मनुष्य क्षणात पंचालात जाऊन परत येऊ शकत नाही, म्हणून स्वप्नातील सृष्टी केवळ माया आहे. आणि तरीही, सूत्रकाराला अनुसरून, स्वप्न भावी शुभाशुभ सुचविते हे ते मान्य करतात. त्यासाठी ऐतरेय आरण्यकातील त्या काळ्या दातांच्या पुरुषाचाच आधार घेतात, आणि सुचविली जाणारी गोष्ट खरी असली तरी सुचविणारे स्वप्न मिथ्याच राहते, असा भेद करतात. याज्ञिकाच्या भयाला अशी तत्त्वज्ञानाच्या वास्तूत एक छोटी खोली मिळाली, पण घराची मालकी मात्र द्रष्ट्याकडे राहिली.

महाराष्ट्राने हा वारसा आपल्या रीतीने चालविला. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला, नामदेवरायांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, आणि बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रहही स्वप्नातच मिळाला. या संतांनी स्वप्नाचे फळ कोणत्याही पाठकाला विचारले नाही. जागे झाल्यावर उभे आयुष्य त्या उपदेशाप्रमाणे घडवून त्यांनी त्याचा अर्थ सिद्ध केला.

आजही जत्रेतल्या दुकानात स्वप्नफलाची पुस्तके मिळतात आणि ती प्राचीन ऋषिमुनींचा हवाला देतात. हवाला द्यावयाचा तर तो पुरा द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या परंपरेने अपशकुनांच्या याद्या केल्या तिनेच सातांपैकी पाच प्रकारची स्वप्ने निष्फळ म्हणून सोडून दिली, सहांपैकी पाच कारणे खोटी ठरविली, राजाच्या भयावर पोट भरणारा यज्ञ थांबविला, आणि पाठलाग करणाऱ्या हत्तीत माणसाला त्याचेच जागेपणीचे भय ओळखावयास शिकविले. आपल्या पूर्वजांनी स्वप्नाचे भय कधी हसण्यावारी नेले नाही, पण त्या भयाच्या स्वाधीनही ते झाले नाहीत. काय घडणार या प्रश्नाला जेवढा मान द्यावयाचा तेवढा देऊन, पाहतो कोण या प्रश्नाकडे त्यांनी आपली सर्वश्रेष्ठ बुद्धी वळविली. त्यांचे वंशज म्हणविणाऱ्यांनी पहिल्या प्रश्नाची उत्तरे विकत घेऊन दुसरा विसरून जाणे हे त्यांच्या पुण्याईला शोभणारे नाही.